मुख्याध्यापिकेची हुर्यो

माझी ताई कुस्ती बघायला आली ती केवळ बोलण्यात हरली म्हणून. एरवी तिला बोलण्यात हरवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. ती मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गल्लीतली माणसं अजून तिला ‘बाई’च म्हणतात, आणि भाजीवाला तराजूचा काटा तिला दाखवून मगच भाजी पिशवीत टाकतो. पण चिमणी पडली तिच्याच पोटची.

चिमणी म्हणजे माझी भाची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आम्ही चिमणी म्हणायला लागलो, आणि आता ती आमच्या घराच्या दारातून आत येताना मान वाकवते. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात असते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे काडी किंचित वाकवायची, पुन्हा लावून बघायची, असलं नाजूक काम. आणि सुट्टीच्या दिवशी ती कुस्ती खेळते. मातीतली नव्हे. दोरांच्या चौकटीतली, रंगीबेरंगी कपड्यांतली, जिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं आणि तरीही माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात, ती.

ताईला हे अजिबात पसंत नव्हतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर ती ‘व्यायामाला जाते’ एवढंच सांगायची. घरात मात्र ती स्पष्ट म्हणायची, की खोटं खोटं मारायचं आणि खरं खरं दुखवून घ्यायचं, यात शहाणपण कुठलं? एकदा चिमणी काळानिळा डोळा घेऊन जेवायला बसली, तेव्हा ताईने हाच धडा पहिल्यापासून सुरू केला. मीही त्या दिवशी जेवायला होतो. चिमणीने शांतपणे घास संपवला आणि विचारलं,

“आई, तू कधी कुणाचा पेपर न वाचता मार्क दिलेस का?”

ताईने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला, आणि पुढचा खेळ कधी आहे ते सांग म्हणाली.

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्यामुळे माझा स्वभाव धीराचा झालाय, असं घरचे समजतात, म्हणून ताईला घेऊन जायची कामगिरी माझ्यावर आली. चिमणीने मला फोनवर एवढंच बजावलं, की काहीही झालं तरी आईला शेवटपर्यंत उठू द्यायचं नाही. तिचं पात्र काय आहे, ते तिने मलासुद्धा सांगितलं नाही. ‘मी दुष्ट आहे’ इतकंच म्हणाली आणि हसली.

खेळ दुपारचा होता. हॉल म्हणजे एरवीचा बॅडमिंटनचा हॉल. जमिनीवर पांढऱ्या-पिवळ्या रेघा तशाच होत्या आणि कोपऱ्यात जाळी गुंडाळून उभी केलेली होती. मधोमध रिंग, चारी बाजूंना घडीच्या खुर्च्या. रबराचा आणि दुखऱ्या सांध्यांना लावायच्या मलमाचा असा मिश्र वास सगळीकडे भरून राहिला होता. आमच्या खुर्च्या पहिल्याच रांगेत, कठड्याला लागून होत्या. ताईने बसण्याआधी रुमालाने खुर्ची पुसली, मग समोरचा मोठा फलक वाचला आणि मला म्हणाली, ‘महासंग्राम’मधल्या म-ला काना दिलाय. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, असेल काय, आहे.

माझ्या पलीकडे एक चाळिशीचा, गुबगुबीत, नीटनेटका गृहस्थ बसला होता. त्याने आल्या आल्या आम्हा दोघांना घशाच्या गोळ्या दिल्या. त्याचं औषधाचं दुकान होतं, आणि असा एकही खेळ तो चुकवायचा नाही. घरी जाऊन तो त्या त्या खेळावर बोलायचा, ते रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकायचा, आणि ते ऐकणारी बरीच माणसं होती म्हणे. थोडक्यात, समीक्षक. ताईला वाटलं होतं की इथे सगळे हुल्लडबाजच असतील. हा मनुष्य रुमालाची घडी करून मांडीवर ठेवतो हे बघून ती जरा सैलावली.

पहिली कुस्ती एका लोहाराची आणि एका राजकुमाराची होती. म्हणजे तशी त्यांची सोंगं. लोहाराने ठोसा उगारला आणि राजकुमार कोलमडला. ताई मोठ्याने म्हणाली, ठोसा अजून हवेत आहे आणि हा पडायला निघालासुद्धा. औषधवाल्याने वळून तिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, मघाशी हा डाव्या पायाने लंगडत होता, आता उजव्याने लंगडतोय. पोट दुखतंय म्हणून घरी जायला मागणाऱ्या मुलींचंही असंच व्हायचं. हात कुठे ठेवला होता तेच विसरायच्या. औषधवाला खुर्चीत सरसावून बसला. त्याने मला जागा बदलण्याची विनंती केली, आणि मी उठून ताईच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. अशा रीतीने दोन समीक्षक शेजारी शेजारी आले.

दुसऱ्या कुस्तीत एक टकला, थोराड मल्ल आणि एक कोवळा पोरगेलासा मल्ल होता. टकल्याने त्याला उचलून असा काही आपटला की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. ताई मात्र पुढे वाकून बघत होती. ती औषधवाल्याला म्हणाली, तो मोठा माणूस आपटतोय असं दिसतंय खरं, पण त्याचा एक हात दुसऱ्याच्या मानेखाली आहे. औषधवाल्याला इतका आनंद झाला की त्याने तिला आणखी एक गोळी दिली. मग त्याने तिला समजावून सांगितलं, की या खेळातली खरी विद्या तीच. इथे प्रत्येक जण आपलं अंग दुसऱ्याच्या हवाली करतो. जो जास्त दुष्ट दिसतो, त्याला समोरच्याची जास्त काळजी घ्यावी लागते. आणि दुष्टाची कमाई म्हणजे हुर्यो. लोकांनी जितकी हुर्यो उडवली, तितकं त्याचं काम चोख.

ताईने पर्समधून चष्मा पुसायचं फडकं काढून काचा स्वच्छ केल्या, आणि हे ती फक्त लक्ष देऊन वाचायचं असलं तरच करते.

मग दिवे मंद झाले आणि शाळेची घंटा वाजली. खरीखुरी, लोखंडी तुकड्यावर टोल मारल्यासारखी. सगळ्या हॉलने एका सुरात हुर्यो उडवायला सुरुवात केली. अजून कुणी आलंसुद्धा नव्हतं. पडद्यामागून चिमणी आली. राखाडी लांब कोट, केसांचा घट्ट अंबाडा, साखळीला लावलेला चष्मा, काखेत लाकडी फूटपट्टी. सूत्रसंचालकाने पुकारा केला, ‘मुख्याध्यापिका’.

मी ताईकडे बघायचं टाळलं.

चिमणी घाईने आली नाही. दोन्ही बाजूंच्या रांगांमधून सावकाश चालत, वर्गातल्या बाकांमधून फिरावं तशी आली. एकाला तिने नखं दाखवायला लावली. एका दाढीवाल्याला शर्ट आत खोचायला सांगितलं आणि तो धिप्पाड माणूस खरंच खोचायला लागला, तेव्हा त्याच्या मित्रांची हसून हसून मुरकुंडी वळली. ती रिंगमध्ये चढली, ध्वनिक्षेपक हातात घेतला, चष्मा काढला आणि बोलण्यापूर्वी तो तळहातावर दोनदा आपटला.

तो आपटण्याचा आवाज मला ओळखीचा होता. आमच्या घरात सगळ्यांनाच होता.

“तुमचं होऊ दे,” चिमणी म्हणाली. “मला घाई नाही.”

हे ताईचं वाक्य होतं. शाळेत, घरात, लग्नाच्या मांडवात, बँकेत, जिथे जिथे माणसं गोंगाट करतात तिथे तिथे ती हेच म्हणत आली. मान तिरकी करायची ती तऱ्हाही तिचीच, आणि ‘घाई’वर किंचित थांबायचं तेही. फक्त आता ते ऐकून सगळा हॉल ‘हूऽऽ’ करत होता, खाली अंगठे दाखवत होता, आणि मागून एक जण ओरडला की घरी जा, म्हातारे.

औषधवाल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो तज्ज्ञाच्या स्वरात ताईला म्हणाला, की हे पात्र सध्या सगळ्यांत गाजतंय, पण त्याच्या मते जरा अतिशयोक्ती आहे. अशी बाई काही खरोखरच्या जगात नसते.

“असते,” ताई म्हणाली.

तिचा चेहरा मला वाचता येईना. रागावली असती तर मला कळलं असतं, त्याचा मला अनुभव आहे. ती नुसती बघत होती. तिने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला आणि ती अर्धवट उठली. मी तिचा हात धरला. मी म्हटलं, ताई, पेपर अर्धाच वाचून झालाय. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बसली, पण पर्स तिने खांद्यावरच ठेवली.

समोर वावटळ नावाची नायिका आली. हिरव्या पोशाखातली, चपळ, सगळ्यांची लाडकी. कुस्ती सुरू झाली. मुख्याध्यापिका पंचाची पाठ वळली की फूटपट्टीने वावटळीच्या पोटऱ्यांवर फटके मारायची, आणि पंच वळला की हाताची घडी घालून साळसूदपणे उभी राहायची. लोक पंचाला ओरडून ओरडून सांगत होते. त्याला अर्थातच ऐकू येत नव्हतं. वावटळीने तिला खांद्यावरून फेकलं, तेव्हा ताईने माझ्या गुडघ्यावर असा पंजा रोवला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. पण चिमणी पडली ती सबंध पाठीवर, दोन्ही हात पसरून, हनुवटी छातीला लावून. मोठा धडाम् आवाज झाला आणि ती लगेच उठली.

औषधवाला म्हणाला, की पडण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. हिची उणीव दुसरीच आहे. ही रागावली की ओरडते. ओरडली की पात्र संपलं. मग ती नुसती एक चिडलेली मुलगी उरते. मागच्या खेळानंतरही आपण हेच बोललो होतो, पण ही पोरं ऐकतात कुठे.

मला वाटलं, आता या सद्गृहस्थाचं काही खरं नाही. ताई सावकाश त्याच्याकडे वळली.

“अगदी बरोबर बोललात,” ती म्हणाली. “रागावलेला माणूस ओरडतो. ज्याचं कामच रागावण्याचं आहे, तो ओरडत नाही. तो आवाज खाली आणतो.”

मग तिने पर्स काढून खुर्चीखाली ठेवली.

त्यानंतर ते दोघं माझ्या अस्तित्वाचं भान विसरून बोलत सुटले. फूटपट्टी हातात फार नाचवते, असं ताईचं म्हणणं पडलं. पट्टी हे वापरायचं नव्हे, टेबलावर पडून राहायचं हत्यार आहे. चाल चांगली आहे, पण टाचा वाजायला हव्यात, म्हणजे वर्गाला दुरून कळतं. औषधवाला प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत होता आणि विचारत होता, काकू, तुम्ही नाटकात वगैरे होता का. ताई म्हणाली, तसंच काहीतरी.

आणि तेवढ्यात घोटाळा झाला. वावटळ दोरावर चढून उडी घ्यायच्या बेतात होती. ती चढली, दोर ताणला गेला आणि कोपऱ्यातला लोखंडी आकडा निसटला. वरचा दोर लुळा पडला. वावटळ कशीबशी तोल सावरून आत पडली. हे ठरवलेलं नव्हतं, हे मलाही समजलं, कारण पंच खरा घाबरला होता. त्याने वावटळीला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली आणि बेशुद्ध पडल्याचं सोंग चालू ठेवलं. दोन माणसं पाना आणि पक्कड घेऊन कोपऱ्याकडे धावली.

आता हा आकडा बसेपर्यंत काय करायचं? सूत्रसंचालकाने काहीतरी बोलायला ध्वनिक्षेपक सुरू केला तर तो नुसताच खरखरला आणि बंद पडला. लोक थोडा वेळ थांबले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. ती मघाची आनंदाची हुर्यो नव्हती. मागच्या रांगांमधली माणसं चहासाठी उठायला लागली. चिमणी रिंगच्या मधोमध एकटी उभी होती. तिने सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. कुणाला ऐकू गेलं नाही. ती ओरडली. आणखी ओरडली. तिचा आवाज चिरकला आणि पाठीमागे कुणीतरी त्याची नक्कल केली. औषधवाल्याने जिभेने ‘च्च’ केलं आणि म्हणाला, गेली हातची.

चिमणीने आमच्याकडे पाहिलं. त्या क्षणी ती मुख्याध्यापिका नव्हती की मल्ल नव्हती. स्नेहसंमेलनात कविता विसरलेली आमची चिमणी होती. ती आमच्या बाजूच्या दोरापाशी आली, वाकली, जणू पहिल्या रांगेतल्या म्हातारीला दरडावायला आली आहे.

ताई उठून कठड्याशी गेली होती. तिने मान वर करून तिला सांगितलं,

“ओरडू नकोस. गप्प उभी राहा. सगळ्यांकडे बघू नकोस, एकाकडेच बघ.”

एवढंच. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. चिमणी क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग ती सरळ झाली, मध्ये गेली, फूटपट्टी खाली ठेवली, चष्मा काढून साखळीवर सोडला आणि उभी राहिली. पार मागच्या रांगेत एक माणूस मक्याच्या लाह्या खात होता. तिने त्याच्याकडे बघायला सुरुवात केली. बाकी काही केलं नाही. त्याच्या आजूबाजूचे आधी वळले. मग त्याच्या पुढची रांग. शिट्ट्या मारणारे ‘काय झालं, काय झालं’ करत थांबले. त्या माणसाने एक लाही तोंडात टाकली आणि चावायचं थांबवलं. सबंध हॉल असा चिडीचूप झाला, की कोपऱ्यात पान्याने बोल्ट फिरवल्याचा आवाज ऐकू येत होता.

“तोंडात काय आहे?” चिमणीने विचारलं. अगदी खालच्या आवाजात. ध्वनिक्षेपक नसताना ते शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं.

माणसाने घास गिळला. हॉल हसून फुटला आणि मग हुर्यो उठली, ती मघाची, चांगली. पण तिने बोट वर केलं आणि ती थांबलीसुद्धा.

ती म्हणाली, आपण जरा उजळणी करू. सतराचा पाढा. आणि मला आयुष्यात असं दृश्य पुन्हा दिसेल असं वाटत नाही. अंगावर गोंदवून घेतलेले, कपाळाला फडकी बांधलेले, गालांवर रंग लावून आलेले ते सगळे लोक सतराचा पाढा म्हणायला लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. आमचा औषधवाला डोळे मिटून म्हणत होता. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत सगळं जोरात चाललं, मग आवाज विरळ व्हायला लागले, आणि सतरा सातेला तर नुसती पुटपुट झाली. तेव्हा कोपऱ्यात आकडा बसवणारा माणूस पाना दातांतून काढून म्हणाला, एकशे एकोणीस. त्याला टाळ्या पडल्या. चिमणीने मान कलती करून त्याच्याकडे पाहिलं आणि ‘बस’ म्हणून हाताने खूण केली.

मग तिची नजर वावटळीवर गेली. ती बिचारी अजून बेशुद्धच होती.

“तू. झोपलेली. सतरा नव्वे?”

वावटळीने मान उचलून एकशे पंचेचाळीस म्हटलं आणि परत बेशुद्ध झाली. ‘एकशे त्रेपन्न,’ चिमणीने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. लोकांनी खुर्च्या बडवल्या. तिच्यावर प्रेम होतं म्हणून तिची चूकही त्यांनी डोक्यावर घेतली, आणि चूक दाखवणाऱ्या मुख्याध्यापिकेची पुन्हा हुर्यो उडाली. तेवढ्यात दोर ताठ झाला. पाना धरणाऱ्याने अंगठा दाखवला. पंचाचा जीव भांड्यात पडला. ताई आपल्या खुर्चीवर येऊन बसली. 

उरलेली कुस्ती जशी व्हायची तशी झाली. वावटळ शुद्धीवर आली, तिने ती फूटपट्टी गुडघ्यावर मोडली, दोरावर चढली, उडी घेतली आणि मुख्याध्यापिका चीत झाली. मी बघत होतो, तर उडी अंगावर येताना चिमणीने दोन्ही हात वर करून वावटळीच्या कमरेला आधार दिला आणि मगच दोघी जमिनीवर आल्या. मला मघापर्यंत हे दिसलं नसतं. ताईला पंचाचा निकाल मंजूर नव्हता. तिच्या मते खांदा पुरता टेकला नव्हता. औषधवाल्याने तिला आठवण करून दिली की हे आधीच ठरलेलं असतं, तर ती म्हणाली, ठरवणाऱ्याला समज नको का?

चिमणी परत निघाली. अंबाडा सुटलेला, कोट एका खांद्यावर लोंबत होता, पण चाल तीच, सावकाश. दोन्ही बाजूंनी लोक तिच्यावर तुटून पडले होते, शब्दांनी. ती आमच्या जवळून जायला लागली आणि ताई उठून उभी राहिली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. सभ्यतेबाहेरचा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. रिक्षावाल्याशी भांडतानाही ती त्याला ‘आपण’ म्हणते. ती ताई जीव तोडून ओरडली,

“हूऽऽऽ!”

लांबलचक, दम संपेपर्यंत. चिमणीच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो दाबून धरला, चष्मा चढवला, आईला नखशिखान्त न्याहाळलं आणि पुढे गेली. औषधवाला टाळ्या वाजवत म्हणाला, काकू, आता तुम्ही आमच्यातल्या झालात. ताईने त्याला सांगितलं, की ती माझी मुलगी आहे. त्याचा हात टाळीच्या मध्येच थांबला. दुपारपासून आपण काय काय बोललो, ते तो मनात उलगडून बघत होता हे चेहऱ्यावर दिसत होतं. ताईने त्याची सुटका केली. म्हणाली, तुम्ही जे सांगितलंत त्यातलं एक सोडून सगळं खरं आहे. तेवढं एक पुढच्या वेळी बोलताना दुरुस्त करा. कोणतं, ते त्याला त्याच क्षणी कळलं, कारण ती चष्मा तळहातावर आपटत होती.

हॉलच्या मागच्या बाजूला कपडे बदलायच्या खोल्या होत्या. बाहेर बाकावर वावटळ बसून चहा पीत होती आणि लोहार राजकुमाराच्या खांद्याला मलम चोळत होता. चिमणी मनगटावर बर्फाची पिशवी धरून आली. आम्हाला बघून थांबली. मी आपला भिंतीवरची सूचना वाचायला लागलो.

ताईने आधी मनगट बघितलं, बोटं हलवून दाखवायला सांगितलं, मग विचारलं,

“मी इतकी वाईट होते का गं?”

चिमणीने जे सांगितलं ते असं. सुरुवातीला ती चेटकीण व्हायची. तोंडाला काळा रंग फासायची, किंचाळायची, आणि लोक चहा प्यायला बाहेर जायचे. रिंगमध्ये जाताना तिचे पाय लटपटायचे. शिकवणाऱ्याने विचारलं, तुझ्या बघण्यात असं कोण आहे, की जे खोलीत आलं की खोली बदलते? तिला दुसरं कुणी आठवलंच नाही. पहिल्यांदा तो राखाडी कोट घालून, आईसारखी मान धरून ती पडद्याबाहेर आली, त्या दिवशी पाय लटपटले नाहीत.

“वाईट नव्हतीस,” ती म्हणाली. “पण तुझं सोंग घेतलं की मला कुणाची भीती वाटत नाही.”

ताईने बर्फाची पिशवी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः मनगटावर दाबून धरली. बराच वेळ ती ती पिशवीच नीट बसवत होती. वावटळीने आपल्या चहाचा पेला पुढे केला, तोही तिने घेतला. मग नाक ओढून म्हणाली, त्या चेटकिणीचं मला आधी का नाही सांगितलंस, मी तेव्हाच तुला सांगितलं असतं की किंचाळून काही होत नाही.

घरी निघालो तेव्हा अजून उजेड होता. मी गाडी चालवत होतो आणि त्या दोघी मागे बसल्या होत्या. ताईचं टिपण संपत नव्हतं. टाचांना लोखंडी नाल ठोकून घे. बोट वर करताना कोपर अंगाला लावून ठेव. पाढा छान होता, पण पुढच्या वेळी एकोणतिसाचा घे, सतराचा फार जणांना येतो. चिमणी हो हो म्हणत होती. मग तिने विचारलं, की आई, वर्गात तू रागवायचीस, तेव्हा आतून नक्की काय वाटायचं? खरं सांग, मला कामाला येईल.

ताईने खिडकीतून बाहेर बघत विचार केला.

“बहुतेक वेळा हसू यायचं,” ती म्हणाली. “एवढ्याएवढ्या मुली, आणि काय काय थापा मारायच्या. ते दाबण्यातच सगळी शक्ती जायची.”

चिमणी ताडकन सरळ बसली. म्हणजे तो सगळा दरारा, ती नजर, ती शांतता, हे सगळं हसू दाबणं होतं? ताई म्हणाली, मग काय तर. गाल आतून चावून धरायचे असतात, असे, आणि श्वास नाकानेच घ्यायचा. तिने करून दाखवलं. चिमणीने करून बघितलं. ताई म्हणाली, तसं नाही, डोळे हलताहेत तुझे, पुन्हा कर. मला आरशात दोघींचे चेहरे दिसत होते, एकसारखे गंभीर, आणि मग त्यातला कुठला आधी फुटला ते मला बघता आलं नाही, कारण सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.